टर्बोचा बूस्ट वाढवला, पण पेट्रोल पुरतंय का?

(आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना तोंडून जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. आकडे लिहून हवेत असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, त्यांच्यासाठी खास.)

आज पेट्रोल पंपाबद्दल बोलायचंय. रस्त्यावरच्या नाही, तुमच्या गाडीच्या टाकीत जो बुडून बसलेला असतो त्या पंपाबद्दल.

विषय निघाला एका मेसेजवरून. राहुरीकडचा एक मित्र आहे, आपला नेहमीचा श्रोता. त्याने लिहिलं, "दादा, माझ्याकडे २०१७ ची टर्बो पेट्रोल गाडी आहे. स्टेज वन रिमॅप करून घेतलाय. आता स्टेज टू करायचंय. एक ट्यूनर म्हणतो, इंजेक्टर आणि पंप दोन्ही बदलावे लागतील. दुसरा म्हणतो, काही लागत नाही, मी फक्त बूस्ट वाढवून देतो. कुणाचं ऐकू?"

माझं उत्तर: सध्या दोघांचंही ऐकू नको. आधी गाडी काय सांगते ते ऐक. गाडी सांगत असते, फक्त तिला विचारायचं कसं ते माहीत पाहिजे. ते आज बघू.

आणि हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. सेकंडहँड बाजारात आता टर्बो पेट्रोल गाड्या भरपूर आल्यात. आपल्याकडची पोरं त्या घेतात, लगेच रिमॅप करतात, आणि सहा महिन्यांनी मेकॅनिक सांगतो, "पिस्टन गेला." इंजिन उघडायचं म्हणजे किती खर्च, ते ज्याने भरलाय त्याला विचारा. म्हणून आजचा भाग जरा सावकाश ऐका.

टर्बो हवा देतो, पेट्रोल नाही

टर्बोचं काम एकच. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणं. पण नुसत्या हवेने पॉवर येत नाही. साधं पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल लागतं. हवा वाढवली की त्याच हिशोबात पेट्रोल वाढलंच पाहिजे.

आणि फुल थ्रॉटलला तर टर्बो इंजिनला या हिशोबापेक्षा थोडं जास्तच पेट्रोल देतात. याला आपण 'रिच' चालवणं म्हणतो. का? कारण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतं. म्हणजे त्या वेळी पेट्रोल जळायलाही लागतं आणि इंजिन थंड ठेवायलाही लागतं.

आता समजा बूस्ट वाढवला आणि पेट्रोल तेवढं पोचलंच नाही. गाडी 'लीन' झाली. आतलं तापमान वाढतं. स्पार्कने पेटवायच्या आधी किंवा पेटवल्यानंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच ते नॉकिंग. बाहेरून तुम्हाला खडखड असा बारीक आवाज येईल, किंवा म्युझिक चालू असेल तर तोही येणार नाही. आत मात्र पिस्टनवर हातोडे पडत असतात. पिस्टनच्या रिंग जिथे बसतात ती कड तुटते, व्हॉल्व्ह जळतो, कधी पिस्टनला भोक पडतं.

यातली वाईट गोष्ट अशी की लीन झालेली गाडी दर वेळी मरगळल्यासारखी वाटतेच असं नाही. थोडीशी लीन झालेली गाडी उलट चांगली ओढल्यासारखी वाटू शकते. म्हणून "मला तर मस्त पळतेय असं वाटतं" हा पुरावा नाही.

आपलं ठिबक आठवा

फ्युएल सिस्टीम समजून घ्यायला नगर जिल्ह्यातल्या माणसाला इंजिनिअरिंगच्या पुस्तकाची गरज नाही. तुमच्या किंवा तुमच्या मामाच्या शेतात ठिबक आहे ना? झालं तर मग.

विहिरीत पाणबुडी मोटर असते. गाडीच्या टाकीत पंप असतो, तोही बुडलेलाच. मोटरीला जाळी असते, पंपालाही जाळी असते. पुढे फिल्टर, मग मेन लाईन, मग सबमेन. गाडीत या सबमेनला म्हणायचं रेल. शेवटी प्रत्येक झाडाजवळ ड्रिपर, आणि गाडीत प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर. ठिबकला जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडायला बायपास व्हॉल्व्ह असतो की नाही? गाडीत ते काम प्रेशर रेग्युलेटर करतो. जास्तीचं पेट्रोल परत टाकीत.

आता तुम्ही दोन एकर डाळिंब लावलंय आणि अजून एक एकर त्याच लाईनवर जोडलं, मोटर तीच. काय होईल? पहिल्या ओळींना पाणी मिळेल, शेवटच्या ओळी सुकतील. मोटर चालू आहे, पाणी येतंय, सगळं ठीक दिसतंय. पण शेवटचं झाड मरतंय. बूस्ट वाढवणं म्हणजे एक एकर वाढवणं.

मग शेतकरी काय करतो? लगेच सगळे ड्रिपर बदलतो का? नाही. आधी फिल्टर धुतो. मग प्रेशर गेज बघतो. मग मोटरीला व्होल्टेज किती येतंय ते बघतो. तरीही कमी पडलं, तर मोटर बदलतो. गाडीला नेमका हाच क्रम लावायचा. आपली पोरं मात्र उलटीकडून सुरुवात करतात.

अजून एक साम्य. मोटरीला जितकं उंच पाणी चढवायला लावाल, तितकं ते कमी येतं. पंपाचंही तेच. पंपाच्या डब्यावर लिहिलेला लिटरचा आकडा कुठल्या प्रेशरला आहे ते बघा. बूस्ट वाढला की पंपाला जास्त प्रेशरवर ढकलावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच त्याचं पाणी, म्हणजे पेट्रोल, कमी पडतं.

थोडं गणित, घाबरू नका

उदाहरण घेऊ. टाटा नेक्सॉन. ही आपल्या नगर-पुणे रोडवरच्या रांजणगावच्या कारखान्यात बनते, जाता-येता तुम्ही तो बघितला असेल. २०१७ ला ती आली तेव्हा तिचं १.२ लिटरचं तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल इंजिन ११० पीएसचं होतं. ११० पीएस म्हणजे ८१ किलोवॅट.

टर्बो पेट्रोल इंजिनला पूर्ण ताकदीवर दर किलोवॅटला तासाला साधारण ३३० ग्रॅम पेट्रोल लागतं असं धरू. हा अंदाजाचा आकडा आहे, पण हिशोबाला चांगला चालतो. ८१ गुणिले ०.३३ म्हणजे जवळपास २७ किलो. पेट्रोलचं एक लिटर साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे तासाला ३६ लिटर. पूर्ण ताकद सतत तासभर कुणी वापरत नाही, पण त्या क्षणाला पंपाला या वेगाने पेट्रोल द्यावंच लागतं.

आता तुम्हाला १५० पीएस हवेत. म्हणजे ११० किलोवॅट. तोच हिशोब, तासाला ४९ लिटर.

हे झालं साध्या पेट्रोलचं. पण आज आपल्या टाकीत साधं पेट्रोल कुठंय?

आपलाच ऊस, आपल्याच टाकीत

हा भाग आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होता. तेव्हापासून ऊस म्हणजे आपल्या जिल्ह्याचं अर्थकारण. साखरेमागून मळी आली, मळीमागून डिस्टिलरी आली, आणि आता इथेनॉल. हिवाळ्यात ज्या उसाच्या ट्रॉलीमागे आपण हॉर्न वाजवत अडकून पडतो, त्यातलाच काही ऊस फिरून आपल्या टाकीत येतो.

देशात १० टक्के इथेनॉलचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला. ई२० पेट्रोल पंपांवर मिळायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. आधी २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये देश तिथे पोचला. म्हणजे आपल्या राहुरीकडच्या मित्राची २०१७ ची गाडी जेव्हा कारखान्यातून निघाली, तेव्हा ती या पेट्रोलसाठी जुळवलेली नव्हती.

इथेनॉल चांगलं की वाईट, यावर सोशल मीडियावर रोज भांडणं चालतात. आपण भांडायचं नाही, हिशोब करायचा.

चांगली बाजू आधी. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, १०० च्या वर. आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. टर्बो इंजिनला नॉकिंगची भीती असते, तिथे हे दोन्ही गुण कामाचे आहेत. जगभर रेसिंगवाले ८५ टक्के इथेनॉलवर टर्बो गाड्या पळवतात ते काही उगाच नाही.

आता दुसरी बाजू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. आणि जळायला त्याला ९ किलो हवेला १ किलो इथेनॉल लागतं, १४.७ ला नाही. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. ई२० चा हिशोब येतो साधारण साडेतेराला एक. म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत तेवढ्याच पॉवरला सात ते आठ टक्के जास्त लिटर लागतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींचा ॲव्हरेज ई२० वर सहा ते सात टक्के घटेल असाच अंदाज दिला होता. नवीन, ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांना तो एक-दोन टक्केच दिलाय.

आता आपला आकडा पुढे न्या. १५० पीएसला ४९ लिटर लागत होते, ई२० वर ते झाले ५३. सुरुवात कुठून केली होती? ३६ पासून.

नीट ऐका. पॉवर वाढवली ३६ टक्के. पण पंपाचं आणि इंजेक्टरचं काम वाढलं जवळपास ४७ टक्के. तुम्ही पैसे ३६ टक्क्यांचे मोजले, आणि बोजा दीडपटीचा टाकला. कारखान्याने गाडी बनवताना जी थोडी शिल्लक ठेवलेली असते, त्यातला एक घास ई२० ने तुम्ही रिमॅप करायच्या आधीच खाल्लेला असतो. २०१७-१८ मध्ये "या गाडीला स्टेज टूला काही लागत नाही" असं कुणी सांगितलं असेल आणि तेव्हा ते बरोबरही असेल. आज तेच वाक्य तसंच्या तसं चालत नाही.

इंजेक्टर दोन जातीचे

आता इंजेक्टरकडे या. तुमच्या गाडीचा इंजेक्टर कुठे बसलाय, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

पहिली जात, पोर्ट इंजेक्शन. इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, हवा आत जाण्याच्या वाटेवर. मघाची १.२ लिटरची नेक्सॉन याच जातीची. इथे प्रेशर तीन-चार बारच्या आसपास असतं.

दुसरी जात, डायरेक्ट इंजेक्शन. इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत फवारतो. पोलो जीटी टीएसआय, चाकणला बनलेली, आपल्याकडे २०१३ मध्ये आली. ती या जातीची. इथे टाकीतला पंप फक्त पुढे ढकलतो, आणि इंजिनवर कॅमशाफ्टच्या जोरावर चालणारा दुसरा पंप प्रेशर शंभर-दोनशे बारच्या घरात नेतो. नवीन इंजिनांत ते साडेतीनशेपर्यंत जातं.

फरक वेळेचा आहे. ६००० आरपीएमला इंजिनचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. पोर्टवाल्या इंजेक्टरला त्यातले १६-१७ मिलिसेकंद उघडं राहता येतं. डायरेक्टवाल्याला हवा आत येताना आणि ती दाबली जाताना जी काही फट मिळते तेवढीच. नुसता हवा आत यायचा स्ट्रोक ५ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात सगळं पेट्रोल आत गेलं पाहिजे. म्हणून तिथे प्रेशर टिकलं पाहिजे, नाहीतर खेळ खलास.

पोर्टवाल्या गाडीचा इंजेक्टर मोजायचा सोपा हिशोब सांगतो. तासाला ५३ लिटर म्हणजे मिनिटाला साधारण ८८० मिलिलिटर. तीन सिलिंडर, म्हणून प्रत्येकी २९४. इंजेक्टरला शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्के धरा. म्हणजे साधारण ३७० सीसीचा इंजेक्टर लागेल. मूळच्या ११० पीएसला साध्या पेट्रोलवर हाच हिशोब २५० सीसी येतो. आता तुमच्या गाडीत कंपनीने कितीचा बसवलाय ते शोधा आणि शेजारी मांडा. ट्यूनरकडे जाताना हा कागद खिशात ठेवा. समोरचा माणूस हिशोब करणारा आहे की फेकणारा, पाच मिनिटांत कळेल.

काही जण विचारतात, इंजेक्टर न बदलता प्रेशर वाढवलं तर? चालतं, पण मर्यादेत. प्रेशर तीनचं चार बार केलं, म्हणजे ३३ टक्के वाढवलं, तरी पेट्रोल फक्त १५ टक्के वाढतं. वर्गमुळाचा नियम आहे. आणि पंपावरचा ताण वाढतो तो वेगळाच.

खर्च करायच्या आधी काय बघायचं

आता सगळ्यात कामाचं. हा क्रम लिहून घ्या.

पहिलं, फिल्टर आणि टाकीतली जाळी. जुन्या गाडीत तळाला कचरा साचलेला असतो. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो पुढे फिल्टरमध्ये येऊन बसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर हे जास्त.

दुसरं, पंपाला पोचणारं व्होल्टेज. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा-चौदा दिसतं, पण पंपाच्या कनेक्टरवर किती? तिथे बारा-साडेबारा मिळालं तर पंप हळू फिरतो. लो व्होल्टेजला मोटर कशी रडते, ते शेतकऱ्याच्या पोराला मी काय सांगू!

तिसरं, प्रेशर. पोर्टवाल्या गाडीला गेज लावून. डायरेक्टवाल्या गाडीत हाय प्रेशर लाईनला घरी हात लावायचा नाही. दोनशे बारची धार कातडीतून आत घुसते. तिथे ओबीडी स्कॅनर लावून रेल प्रेशर वाचायचं. स्क्रीनवर दोन आकडे येतात: ईसीयूने मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं. बूस्टवर दोन्ही रेषा जोडीने वर गेल्या तर ठीक. मिळालेली रेष खाली वाकली तर पेट्रोल कमी पडतंय. यात वादाला जागा नाही.

चौथं, फ्युएल ट्रिम. ईसीयू सांगतो की मला नकाशापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतंय. जुन्या गाडीत ई२० मुळे हा आकडा थोडा अधिककडे झुकलेला असणारच. पण तो सारखा अधिक १० च्या वर राहत असेल, तर आधी कारण शोधा. हवेची गळती आहे, सेन्सर मळलाय, का पंप थकलाय. अशा गाडीवर रिमॅप चढवायचा नाही.

पाचवं, लॅम्बडा. फुल बूस्टला तो साधारण ०.८० ते ०.८८ मध्ये हवा. आणि आकडा लॅम्बडातच बघा, १४.७ वाल्या काट्यावर नको. ई२० ला तो काटा फसवा आहे, लॅम्बडाला मात्र इंधन कुठलंही असो, १ म्हणजे बरोबर.

हे सगळं डायनोवर झालं तर उत्तम. रस्त्यावर करायचंच असेल तर मोकळा रस्ता, दुसरा गिअर, वेगमर्यादेच्या आत, आणि फोन शेजारी बसलेल्याच्या हातात. समृद्धीवर मर्यादा १२० आहे. शिर्डीला चढलो म्हणून ती वाढत नाही.

एक किस्सा सांगतो. गाडीचं आणि ट्यूनरचं नाव घेत नाही. एका मित्राची रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल गाडी करंजी घाट चढताना अर्ध्यात दम सोडायची. पाथर्डीला जाताना दर वेळी तेच. गॅरेजवाल्याने यादी दिली होती: मोठे इंजेक्टर, मोठा पंप, सगळं. आम्ही स्कॅनर लावून बसलो. सुरुवातीला प्रेशर बरोबर, चढाला जोर दिला की पाच-सहा सेकंदांत खाली. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज कमी. कनेक्टर उघडला तर एक पिन काळी पडलेली. जाळी काढली तर ती गाळाने भरलेली. पिन बदलली, जाळी-फिल्टर नवा टाकला, आणि प्रेशरची रेष सरळ झाली. त्याच्या स्टेजला मूळचा पंप पुरत होता. इंजेक्टरला हातही लावला नाही.

आता यावरून "कधीच काही बदलायला लागत नाही" असं समजू नका. मोजल्यावर कमी पडतंय असं दिसलं तर बदलायलाच लागतं. त्या मित्राला उद्या १५० पीएस हवे असतील, तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही लागतील. न मोजता पैसे घालवू नका, एवढंच माझं म्हणणं.

बदलायचंच ठरलं तर

आधी आकडा ठरवा. किती पीएस? आणि तेवढं बाकीच्यांना पेलतं का? क्लच, गिअरबॉक्स. पोलो जीटीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरसाठी बनलाय. त्याच्या पुढे गेलात तर पेट्रोल पुरलं तरी गिअरबॉक्स पुरणार नाही.

मग पंप. लागतं त्याहून वीस टक्के शिल्लक ठेवा, दुप्पट नको. फार मोठा पंप घातला तर रेग्युलेटरला परतीचं पेट्रोल सांभाळत नाही, प्रेशर चढून बसतं, टाकीतलं पेट्रोल तापतं. इथेनॉल चालेल असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली पंपांनी ऑनलाइन बाजार भरलाय, बिल नसेल तर घेऊ नका.

मग इंजेक्टर. ते बसवले की ईसीयूला सांगावंच लागतं, त्यांचा फ्लो किती आणि उघडायला वेळ किती लागतो. नुसते बसवून गाडी पळवायची नाही. फार मोठे घेतले तर आयडलला गाडी थरथरते, कारण एवढं थोडं पेट्रोल त्यांना नीट सोडता येत नाही. डायरेक्टवाल्या गाडीत इंजेक्टरआधी बहुतेक वेळा हाय प्रेशर पंपाचा विचार करावा लागतो, आणि ते काम महाग असतं.

आणि नळी! इथे कुणी पाचशे रुपये वाचवू नका. साध्या रबरी नळ्या कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या, त्या इंजेक्शनचं प्रेशर धरत नाहीत. बाहेर जे३० आर९ लिहिलेली नळी, टाकीच्या आत बुडणारी असेल तर जे३० आर१०. आर९ टाकीच्या आत घालू नका, ती बाहेरून पेट्रोल सहन करायला बनवलेली नाही. क्लिपही इंजेक्शनवाल्या, कडा न कापणाऱ्या. काम झालं की इंजिन चालू करून प्रत्येक जोड हाताने आणि नाकाने तपासा. टर्बो लालभडक तापतो, आणि शेजारी पेट्रोलचा एक थेंब. पुढचं सांगायला नको. गाडी जाते ती जाते, आत बसलेले आपले असतात.

कायदा

कंटाळवाणं आहे, पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि बदल न कळवता केलेल्या गाडीचा अपघात झाला, तर विम्याचा क्लेम अडू शकतो.

गाडी रस्त्यावर यायच्या आधी तिची चाचणी कोण करतं माहितीये? केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये ज्या संस्थांची नावं आहेत, त्यात आपल्या नगरची व्हीआरडीई आहे. लष्करासाठी वाहनं घडवणारी डीआरडीओची ही संस्था. तिच्या गेटवरून तुम्ही कितीदा गेला असाल. आत ट्रॅकवर गाड्या तासन्‌तास पळवून तपासल्या जातात. तिथे एक गोष्ट मंजूर होते आणि आपण गॅरेजमध्ये दुपारी दोन तासांत ती बदलतो. निदान तेवढं मोजमाप तरी आपण करावं की नाही?

म्हणून माझा सल्ला: रोजच्या गाडीला देखभालीने मूळ तब्येतीवर आणा आणि तिथेच ठेवा. जास्त पॉवरचा षौक असेल तर वेगळी गाडी, ट्रॅकवर.

तर, राहुरीच्या मित्रा

तुझं उत्तर. या आठवड्यात फिल्टर, जाळी आणि पंपाचं व्होल्टेज बघून घे. मग स्कॅनर लावून, आहे त्या स्टेज वनवरच, रेल प्रेशर आणि लॅम्बडाचा लॉग काढ. आताच रेष वाकत असेल, तर स्टेज टू सोड, आहे तो रिमॅपसुद्धा काढून मूळ फाइल टाक, आधी दुरुस्ती. रेष सरळ असेल, तर किती शिल्लक आहे ते मघाच्या हिशोबाने मांड. आणि तो लॉग दोन्ही ट्यूनरसमोर ठेव. "बघू दे" म्हणून जो फोन हातात घेईल, त्याच्याशी पुढचं बोल. जो न बघता "अरे काही होत नाही" म्हणेल, त्याला चहा पाज आणि घरी ये.

लॉग काढलास की मला पाठव, नाव न घेता पुढच्या भागात आपण तो सगळे मिळून वाचू. बाकीच्यांनीही आपापल्या गाडीचे प्रश्न पाठवा, गाडीचं मॉडेल, वर्ष आणि किती किलोमीटर झालेत ते लिहायला विसरू नका. पुढच्या वेळी डिझेलवाल्यांची पाळी. कॉमन रेलचं दुखणं वेगळं आहे, त्यावर निवांत बोलू.

तोवर सीटबेल्ट लावा, सावकाश चालवा, आणि उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो हे रात्री लक्षात ठेवा. भेटू. नमस्कार!